बेताचं पाणी

"तुमच्या हातालाच गुण आहे, मॅडम," असं म्हणून तिची विद्यार्थिनी तेजस्विनीने प्रयोगाची काचेची सेल टेबलावर ठेवली, रडणारं मूल ज्याचं त्याला परत द्यावं तशी. मंदाकिनी हसली. कौतुक झालं की हसायचं असतं, म्हणून हसली. मग संध्याकाळी टेकडीखालच्या संशोधन संस्थेतून शनिवार पेठेतल्या फ्लॅटकडे स्कूटर हाकताना ते वाक्य शेवग्याच्या शेंगेच्या धाग्यासारखं दातात अडकून राहिलं; जीभ पुन्हापुन्हा तिकडेच. वैद्याच्या हाताला गुण असतो. आमटी करणाऱ्या बाईच्या हाताला चव असते. शास्त्रज्ञाच्या हाताला मात्र काहीही असता कामा नये. तो हात भाड्याने आणल्यासारखा हवा. आज मंदाकिनीचा, उद्या तेजस्विनीचा, परवा डेन्मार्कमधल्या कुणाचा, आणि तिन्ही वेळा आकडा तोच. लकडी पुलाच्या सिग्नलला तिने हँडलवरचे आपले पंजे पाहिले. पंचावन्न वर्षांचे, नखं बारीक कापलेले, डाव्या करंगळीजवळ भाजल्याची जुनी खूण. ह्यांनी काय केलं होतं? ह्यांना काय येत होतं, जे तिला येत नव्हतं? मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न देऊन कळवलं की सिग्नल सुटला आहे आणि हात घरी जाऊनही बघता येतात.

प्रकरण तसं साधं होतं. कार्बन डायऑक्साइड हा वायू म्हणजे निवृत्त अधिकारी. जळायचं ते जळून झालेलं, आता कशालाही हात लावायची इच्छा नाही. त्याला विजेचा धक्का देऊन पुन्हा कामावर घ्यायचं, त्याच्याकडचा एक ऑक्सिजन काढून घ्यायचा, की कार्बन मोनॉक्साइड मिळतो. विषारी खरा, पण त्यातून पुढे इंधनापासून औषधांपर्यंत बरंच काही करता येतं. अडचण असते पाण्याची. जगात बहुतेक ठिकाणी हे काम पाण्यात करतात, आणि पाणी हावरट. वीज दिली की कार्बन डायऑक्साइड विचार करत बसतो आणि पाणी पुढे होऊन ती खाऊन टाकतं, हायड्रोजनचे बुडबुडे काढत. ज्याच्यासाठी पान मांडलं तो हात धुवायला गेलेला आणि भलताच कुणी जेवून उठलेला. मंदाकिनीने म्हणून पाण्यालाच पंगतीतून उठवलं. पाण्याचा अंश नसलेल्या सॉल्व्हंटमध्ये, म्हणजे द्रावकात, तिची चांदीची जाळी गेली तीन वर्षं बिनतक्रार काम करत होती. सॉल्व्हंट सेलमध्ये ओतण्याआधी त्यातलं पाणी मोजत. यंत्र जवळजवळ शून्य दाखवी. शोधनिबंधाच्या आणि प्रबंधाच्याही शीर्षकात 'पाण्याविना' असा शब्द होता. त्या शब्दावर तेजस्विनीचा अख्खा प्रबंध उभा होता, आणि प्रबंधावर डेन्मार्कची नोकरी. तेजस्विनी सुसची. त्या गावाला शहराने गिळलं, पण अजून पचवलं नव्हतं. तिचे आबा, म्हणजे वडील रंगराव, आपल्या विहिरीवर टँकर भरून नव्या सोसायट्यांना पाणी पोचवत. एकदा लेकीची प्रयोगशाळा पाहायला आले होते. सगळं नीट ऐकून घेऊन म्हणाले, "पानी नको म्हनताय ते ठीक हाय, बाई. पन ह्ये लई कुनाला सांगू नका. आमचं घर त्याच्यावरच चालतंय."

मग एका परीक्षकाने, नाव न सांगता आणि अतिशय नम्रपणे, विचारलं की हा प्रयोग दुसऱ्या कुणाच्या हातून झाला आहे काय. नम्रपणा वाचून मंदाकिनीला राग आला. पुण्यात कुणी नम्र झालं की माणसाने सावध व्हावं, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. पण प्रश्न बरोबर होता. सेल काचेची, तोंडाने फुंकून केलेली, करणारे गृहस्थ निवृत्त होऊन गावी गेलेले. आधीच्या दोन विद्यार्थ्यांनी दोन फोडल्या. तेव्हापासून संस्थेत रिवाजच पडला की बाकी सगळं कुणीही करावं, सेल मॅडमच जुळवतात. चांदीची जाळी बसवणं, दोन काचांमध्ये रबरी रिंग ठेवणं, चाप आवळणं, एवढंच ते. तेजस्विनीने ते महिनाभर केलं. लिहिल्याप्रमाणे केलं, लिहिल्याहून जास्त काळजीने केलं, आणि यंत्राच्या पडद्यावर कार्बन मोनॉक्साइड किती होतोय ते दाखवणारी रेघ आडवी झोपून राहिली. मंदाकिनी येऊन तीच सेल, तीच जाळी, तीच रिंग घेऊन बसली की रेघ उठून बसे. ओव्हन तोच, वीज तीच, बाटलीतला वायूही तोच. फरक हातांचा.

प्रयोग खोटा ठरेल ही भीती दोन दिवस टिकली. तिसऱ्या दिवशी तिच्या जागी कुतूहल येऊन बसलं, न सांगता आलेल्या पाहुण्यासारखं, आणि उठेनाच. मंदाकिनीने साबण बदलला. खोबरेल बंद केलं. हातमोजे घातले, मग त्यांच्यावर आणखी एक जोडी घातली, इतकी की रिंग उचलताना बोटं आपली नसून शेजाऱ्यांची वाटू लागली. रेघ तरी उठलीच. घामातलं मीठ असेल असं वाटत होतं तेही गेलं. श्वास असेल म्हणून मास्क लावून बसली. दुपारी डबा खाताना ती हाताकडे बघे, पोळी मोडणाऱ्या, लोणचं टाळणाऱ्या हाताकडे, आणि वाटे की हा एक गडी आपण इतकी वर्षं कामाला ठेवला, त्याच्याशी कधी चार शब्द बोललो नाही. हस्ताक्षर त्याचं, कपाळावरचा केस मागे सारायची लकब त्याची, कुलूप लावल्यावर एकदा ओढून पाहायचं हेही तोच ठरवतो. आपल्यात कितीतरी असं चालू असतं, आपल्याला न विचारता. "हाताकडे काय बघतेस सारखी?" यज्ञेश्वरने एकदा विचारलं. "रेषा बदलल्या का?" यज्ञेश्वर तिचा नवरा. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्याने स्वयंपाकघराचा ताबा घेतला होता, आणि बँकेची शाखा चालवावी तसं तो ते चालवत होता. म्हणजे काम होत असे, पण उभं राहावं लागे. "अहो, रेषा नाहीत," ती म्हणाली. "हाताला गुण आहे म्हणे." "कोण म्हणे?" "तेजस्विनी." "तिने तुझ्या हातची भाजी खाल्लेली नाही वाटतं," यज्ञेश्वर म्हणाला आणि कांदा चिरायला वळला.

रविवारी कुकरची शिट्टी होईना. यज्ञेश्वर गॅससमोर कमरेवर हात ठेवून उभा होता आणि झाकणाच्या कडेने वाफ फसफसत होती. "रिंग गेली ही. बुधवार पेठेतून नवी आणतो," तो म्हणाला. मंदाकिनी हॉलमध्ये पेपर वाचत होती. वाचतावाचताच उठली, अर्धं वाक्य डोक्यात, अर्धं पेपरात. गॅस बंद केला, वाफ जाऊ दिली, झाकण काढलं, रिंग ओढून नळाखाली धरली, सिंकात दोनदा झटकली, बसवली, झाकण लावलं आणि परत पेपराकडे निघाली. "पाणी कशाला लावलंस?" यज्ञेश्वरने मागून विचारलं. "कशाला म्हणजे? लावतात." "कोण लावतं? मी आठ महिने कुकर लावतोय, मी नाही लावत." "म्हणून तर शिट्टी होत नाही तुमची," असं तिच्या तोंडून गेलं आणि ती स्वयंपाकघराच्या दारात उभीच राहिली. उजवा हात ओला होता. बोटांच्या टोकांवर थेंब होते. तिने ते पुसले नाहीत. आतून शिट्टी झाली, मग दुसरी. तिसऱ्या शिट्टीला यज्ञेश्वरने गॅस बारीक केला आणि म्हणाला, "बघ, झाली. पण कारण काय ते सांगशील का? का तुमच्याकडचं गुपित आहे?" तिला कारण माहीत नव्हतं. तिच्या आईलाही माहीत नसावं.

खडकीच्या क्वार्टरमध्ये कुकर आला तेव्हा मंदाकिनी ओट्यावर बसून पाढे म्हणण्याइतकी होती. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात. त्यांनीच कुकर आणला आणि आई त्याला घाबरली. "आमच्या कारखान्यातून बाहेर पडतं त्याच्यापेक्षा हे कमी धोक्याचं आहे, विमल," वडील म्हणाले. "तुमच्या कारखान्यातलं मला घरात शिजवायचं नसतं," आई म्हणाली. विमलाबाई फार बोलत नसत, आणि बोलल्या की समोरच्याला ते पुरत असे. त्यांनी कुकर वापरला, पण ओळख नसलेल्या माणसाशी वागावं तशा त्याच्याशी वागत राहिल्या. कुणीतरी शेजारणीने सांगितलं असेल, किंवा नसेलही, पण रिंग कधी कोरडी बसवली नाही. पाण्यातून काढायची, मनगटातून दोनदा झटकायची, एक झटका मोरीकडे आणि दुसरा, का कोण जाणे, ओट्याच्या बाजूला. दुसऱ्या झटक्याचा एक थेंब रोज मंदाकिनीच्या गालावर पडे. रबराचा कुबट वास, वरणाची पहिली वाफ, सात सक, आणि गालावर गार टिकली. तो थेंब तिने कधी पुसला नाही, वाळू दिला. आईच्या स्वयंपाकात माप नव्हतं. किती पाणी घालू असं विचारलं की ती म्हणे, "बेताचं." बेत म्हणजे किती, हे विचारणाऱ्याला स्वयंपाक येत नाही असं समजून ती पुढच्या कामाला लागे. मंदाकिनीने रसायनशास्त्र घेतलं त्याला जी काही कारणं होती, त्यात हा शब्दही होता. तिला असं जग हवं होतं जिथे बेताचं काही नसतं, मिलिलिटर असतात. आई जाऊन सहा वर्षं झाली. साड्या वाटल्या, भांडी वाटली, एक खलबत्ता कुणीच नेला नाही तो बाल्कनीत आहे. आईचं आपल्याकडे आणखी काय उरलं असेल याचा विचार तिने केला नव्हता. आणि आता उजवा हात ओला होता.

सोमवारी तेजस्विनी यायच्या आत मंदाकिनी प्रयोगशाळेत जाऊन बसली. सेल जुळवायला घेतली आणि हातावर डोळा ठेवला, लायब्ररीत चोरी करणाऱ्यावर ठेवावा तसा. जाळी बसली. ओव्हनमधून काढलेली रबरी रिंग उजव्या हातात आली, आणि डावा हात निघाला. तो टेबलाच्या कडेला असलेल्या पाण्याच्या पिचकारीच्या बाटलीकडे निघाला होता, निवांतपणे, कुणाची परवानगी न घेता, रोजच्या रस्त्याने. अर्ध्यावर त्याला कळलं की आपल्याकडे कुणी बघतंय, आणि तो थांबला. ती त्याला बराच वेळ तसाच हवेत धरून बसली. तीन वर्षं. सॉल्व्हंट सुकवायला एक दिवस, काच सुकवायला एक रात्र, रिंग ओव्हनमध्ये, आणि मग अगदी शेवटी पिचकारी, दोन झटके, चाप. पाणी मोजायचं ते सॉल्व्हंट ओतायच्या आधी. ओतल्यावर कोण मोजतं? तिने रिंग कोरडी बसवली. रेघ झोपून राहिली. मग सगळं उपसून पुन्हा केलं, रिंगला पाणी लावून, आणि रेघ उठून बसली, शाळेतल्या ढ मुलाला अचानक उत्तर आल्यासारखी. मंदाकिनी तिच्याकडे पाहून हसली, आणि हसताना तिला कळलं की हे हसणं वाईट आहे, कारण हातात होतं ते तेजस्विनीच्या प्रबंधाचं शीर्षक, आणि ते नुकतंच खोटं ठरलं होतं.

मार्ग एक होता आणि तो फार सोपा होता. "रिंग जरा ओली करून बसव गं, नीट सरकते," असं सहज म्हणायचं. तेजस्विनी करेल. रेघ उठेल. परीक्षक समाधानाने मान डोलावतील, प्रबंध मंजूर होईल, पोरगी डेन्मार्कला जाईल. मंदाकिनीने चहा घेतला आणि ह्या मार्गाचा नीट विचार केला; केला नाही असं तिला पुढे म्हणता आलं नसतं. चहा निवत गेला. विचार मात्र आपला भलतीकडेच जात होता, आणि ती त्याला ओढून आणत होती, प्रामाणिकपणा वगैरे मुद्द्यांवर, आणि तो पुन्हा निसटत होता: पण ते पाणी तिथे करतं काय? हाकललेला हावरट माणूस मागच्या दाराने येऊन वाढायला लागला होता. कार्बन डायऑक्साइडकडून ऑक्सिजन काढून घ्यायचा, तर त्या ऑक्सिजनला कुठेतरी जायला हवं. एकटा तो जात नाही. पाणी त्याला आपल्यातला हायड्रोजन देतं, हाताला धरून दारापर्यंत नेतं, आणि निवृत्त अधिकारी खुर्चीतून उठतो. भरपूर पाणी असेल तर तेच सगळं खातं. अजिबात नसेल तर कुणी उठतच नाही. मधे कुठेतरी एक जागा असणार. ती कुठे आहे, हे कळल्याशिवाय आपल्याला झोप लागणार नाही, हे तिच्या लक्षात आलं आणि मार्गाचा प्रश्न मिटला. त्यात नीतीचा भाग होताच, पण खरं सांगायचं तर उत्सुकता आधी पोचली होती.

"म्हणजे माझा प्रबंध पाण्यात," सगळं ऐकून तेजस्विनी म्हणाली. ती रडली नाही. स्टूल ओढून बसली. "मी पाहिलं होतं तुम्हाला पाणी लावताना."

"मग बोलली नाहीस ती?"

"मला वाटलं, धूळ काढताय."

"आणि स्वतः जुळवताना का नाही लावलंस?"

"लिहिलं नव्हतं मॅडम. कोरडी रिंग असं लिहिलंय."

"लिहिलं कुणी?"

"तुम्ही."

मंदाकिनीने पिचकारीची बाटली उचलून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली. "घरी काय सांगू?" तेजस्विनी म्हणाली. "आबा म्हणतील, पान्यावाचून कुनाचं चाललंय होय. तीन वर्षांपूर्वीच म्हणाले होते ते."

"तीन वर्षं फुकट गेली नाहीत. कदाचित," मंदाकिनी म्हणाली. "पाणी होतं, ठीक आहे. दर वेळी साधारण तेवढंच होतं का, हा प्रश्न आहे. तेवढंच असेल, तर तुझे सगळे आकडे खरे आहेत. फक्त 'पाण्याविना' काढून 'इतक्या पाण्याने' असं लिहायचं."

"आणि दर वेळी वेगळं असेल तर?"

"तर मग रद्दी."

पुढचा आठवडा बारीक सुईने सॉल्व्हंटमध्ये पाणी सोडण्यात गेला. पहिल्या थेंबाच्या अंशाला रेघ हलली, मग चढत गेली, मग एका ठिकाणी माथ्यावर पोचून घसरली आणि हायड्रोजनचे बुडबुडे सुरू झाले. मधली जागा होती. अरुंद होती, पर्वतीच्या वाटेवरच्या बाकासारखी, दोघांपुरती. जुने आकडे त्या बाकावर बसत होते की इकडेतिकडे सांडत होते, हे कळायला एकच उपाय: मंदाकिनीचा हात किती पाणी लावतो ते मोजायचं. सुकी रिंग वजनकाट्यावर, मग ओली करून झटकलेली रिंग काट्यावर, वजाबाकी. शाळेतल्या पोराला जमेल असं काम. पण मंदाकिनीने रिंग हातात घेतली आणि तिला झटकता येईना. पहिल्यांदा तिने इतकी जोरात झटकली की रिंग उडून फ्रीजखाली गेली. दुसऱ्यांदा ती पाण्याने निथळत होती. तिसऱ्यांदा तिने मनगट कसं वळतं याचा विचार केला आणि मनगट लाकडाचं झालं. आकडे तीन घरांतल्या तीन सुनांसारखे, एकमेकींचं तोंड न बघणारे. "नेहमीसारखं करा ना," तेजस्विनी म्हणाली. "नेहमीसारखं करायचं म्हटल्यावर ते नेहमीसारखं कसं होईल?" मंदाकिनी म्हणाली. चालताना पावलांकडे बघणारा माणूस अडखळतो, तसं झालं होतं. गड्याशी चार शब्द बोलायला गेली आणि गडी बावरून काम विसरला. आईचा हात इतकी वर्षं तिच्या हातात बिनबोभाट राहत होता. तिने दार वाजवून आत कोण आहे म्हणून विचारलं, आणि आता आतून आवाजच येत नव्हता. प्रबंध तर जाईलच, हेही जाईल, असं तिला वाटलं आणि तिचं तिलाच आश्चर्य वाटलं की ह्या दुसऱ्या गोष्टीचंच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी तेजस्विनीने सुक्या, वजन केलेल्या रिंगा एका बशीत ओळीने ठेवल्या होत्या, वड्या थापून ठेवाव्यात तशा. स्वतः काट्यापाशी चिमटा घेऊन बसली. "मॅडम, तुम्ही हे कुठे शिकलात?" तिने विचारलं. "कुठे शिकणार? आई करायची." "इथे पुण्यातच?" "खडकीला. वडील कारखान्यात होते." "आई काय करायच्या?" "काय करणार, घर करायची. आणि लोकांच्या चुका काढायची." "म्हणजे कशा?" म्हणजे कशा, हे सांगायला मंदाकिनीला जरा मागे जावं लागलं. एकदा वडिलांचे साहेब जेवायला आले आणि म्हणाले, वहिनी, आमटी अप्रतिम आहे. आई म्हणाली, मग मघापासून पोळी कोरडी का खाताय? साहेबांनी घाईघाईने वाटीत पोळी बुडवली. तेजस्विनी हसली आणि "पुढे?" म्हणाली. पुढे, दहावीच्या सहामाहीला गणितात पैकीच्या पैकी मिळाले तेव्हा आई पेपर उलटसुलट करून म्हणाली, अक्षर सुधार. तिने उभ्या जन्मात कुणाला चांगलं म्हटलं नाही. फार झालं तर बेताचं आहे म्हणायची. आमटीला, जावयाला, पावसालाही. डॉक्टरेट मिळाली त्या दिवशी मंदाकिनी पेढे घेऊन गेली, आई कुकर लावत होती, पेढा तोंडात टाकून म्हणाली, "गोड बेताचा आहे." एवढंच. वडील रडले होते. आईने रिंग झटकली, आणि पंचविशी ओलांडलेल्या, डॉक्टर झालेल्या मंदाकिनीच्या गालावर एक थेंब येऊन पडला, आणि तिने तो—

"थांबा," तेजस्विनी हळूच म्हणाली. चिमट्याने तिने मंदाकिनीच्या बोटांतली रिंग काढून घेतली होती आणि काट्याच्या काचेआड ठेवली होती. रिंग केव्हा ओली झाली, केव्हा झटकली गेली, मंदाकिनीला माहीत नव्हतं. बशीतल्या बऱ्याच जागा रिकाम्या होत्या. तेजस्विनीच्या समोर कागदावर आकडे एकाखाली एक उभे होते, आणि दुरूनसुद्धा दिसत होतं की ते एकाच घरातले आहेत. "बाकावर बसतायत?" मंदाकिनीने विचारलं. "अगदी मधोमध," तेजस्विनी म्हणाली. ती काट्यावर वाकली. काट्याचा शेवटचा आकडा हलत होता. रिंगेवरचं पाणी हवेत चाललं होतं. आकडा उतरत होता, एकेक करून, जिना उतरणाऱ्या म्हाताऱ्या बाईसारखा, न थांबता आणि घाई न करता. दोघी बघत राहिल्या. थोड्या वेळाने तो कोरड्या रबराच्या वजनावर येऊन थांबला आणि तिथे काही होतं याची काहीच खूण उरली नाही.

"एक राहिलीय," तेजस्विनी म्हणाली. "आई पुढे काय म्हणाल्या?"

"पुढे काही नाही," मंदाकिनी म्हणाली. "आईचं तेवढंच. आणखी काही सांगण्यासारखं नाही बघ." आणि हे म्हणताना तिला दिसलं की तेजस्विनीने गालावर उडालेल्या थेंबावरून हात फिरवला आणि मग तोच हात, चिमट्यासकट, तिच्यापुढे धरला. मंदाकिनीने खाली पाहिलं. तिच्या उजव्या हातात शेवटची रिंग होती. ओली होती, झटकलेली होती.